विमानतळ कुंपणाच्या आत, शेत कुंपणाच्या बाहेर

गावात एक जीप येते. चार माणसे उतरतात, बांधावर तिवई मांडतात, दुर्बिणीतून पाहतात, वहीत काही टिपतात आणि निघून जातात. अलीकडे तिवईऐवजी ड्रोन घिरट्या घालतो, एवढाच फरक. दुसऱ्या दिवशी पारावर बातमी फुटते, “आपल्याकडे विमानतळ येणार!” आणि तिसऱ्या दिवशी परगावचा एक गृहस्थ ओळख नसताना ओसरीवर चहाला येऊन बसतो. पाऊसपाण्याची चौकशी होते, पपईचा भाव निघतो आणि मग सहज म्हणून विचारले जाते, “भाऊ, तो रस्त्याकडचा तुकडा द्यायचा आहे का?”

वाचकहो, हा लेख त्या तिसऱ्या दिवसासाठी आहे.

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात आज प्रवासी विमानतळ नाही. विमान पकडायचे तर रेल्वेने सुरत गाठायची, नाहीतर जळगाव. धुळ्याजवळ गोंदूरला धावपट्टी आहे, पण तिकीट काढून बसावे अशी नियमित सेवा तिथे नाही. मात्र २०१६ साली केंद्र सरकारने ‘उडान’ योजना काढली आणि लहान शहरांतल्या धावपट्ट्यांकडे सगळ्यांचे लक्ष वळले. डिसेंबर २०१७ मध्ये या योजनेतून जळगावहून मुंबईला विमान उडाले. पुढे ती सेवा मध्येच बंद पडली, पुन्हा सुरू झाली. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला कोपरगाव तालुक्यातल्या काकडी गावी शिर्डीचा विमानतळ सुरू झाला. काकडीच्या शिवारात विमान उतरेल असे तिथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना कधी वाटले असेल का? तेव्हा आपल्या शिवारात कधीच नाही, असे कोणी धरून चालू नये.

विमानतळ वाईट, असे मला मुळीच म्हणायचे नाही. अडल्या रोग्याला मोठ्या शहरात तातडीने हलवता येते, कारखानदार येतात, पोरांना कामे मिळतात. पण जमीन जाते ती फक्त कुंपणाच्या आतली, असा जो आपला समज असतो, तो खोटा आहे. कुंपणाच्या आतल्या माणसाला निदान नोटीस येते, मोबदला मिळतो. बाहेरच्याच्या शेतावर मात्र विमानतळाचा हात पडतो आणि त्याला पुष्कळदा वर्षानुवर्षे पत्ताही नसतो.

आभाळातली उतरंड

विमान काही गरुडासारखे सरळ खाली झेपावत नाही. ते लांबून, हळूहळू उतरत येते. म्हणून धावपट्टीच्या दोन्ही टोकांपुढे आभाळात एक उतरती वाट मोकळी ठेवावी लागते. मोठ्या धावपट्टीसाठी तिचा हिशेब साधारण असा, की टोकापासून ६० मीटर सोडले की पुढे दर ५० मीटरला १ मीटर उंची मिळते. म्हणजे टोकापासून किलोमीटरभर अंतरावर जमिनीपासून २० मीटरच्या आसपास वाट मोकळी हवी. तिथे साधे घर, गोठा, पपई, केळी, ऊस यांना काही अडचण नाही. मोबाइलचा मनोरा, विजेच्या मोठ्या लाइनचा खांब, गिरणीचे धुराडे, पाच-सहा मजली इमारत मात्र अडू शकते. धावपट्टीच्या बाजूंना आणि सभोवती चार किलोमीटरपर्यंतही उंचीची मर्यादा असते. विमानतळापासून २० किलोमीटरच्या आत उंच बांधकाम करायचे तर विमानतळ प्राधिकरणाचा ना हरकत दाखला लागू शकतो. २०१५ सालचे तसे नियम आहेत. कुठे किती उंची चालेल हे दाखवणारे रंगीत नकाशे तयार होतात आणि बांधकामाला परवानगी देणाऱ्या कार्यालयाकडे ते असतात.

आता आपल्या भागाचा विचार करा. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत. अशा पवनचक्कीसाठी जागा देऊन घरबसल्या पैसे मिळवण्याचा बेत कोणाच्या मनात असेल आणि शेत विमानाच्या वाटेखाली आले, तर तो बेत तिथेच संपला. मोबदला? जमीन तर घेतलेलीच नाही, मग मोबदला कशाचा?

हे नियम वेळेवर पाळले नाहीत तर काय होते, ते सुरतेला जाऊन पाहावे. आपल्याकडची शेकडो माणसे कामधंद्यासाठी, दवाखान्यासाठी तिथे जात असतात. तिथली धावपट्टी २,९०५ मीटर लांब केली, पण वेसूच्या बाजूने उंच इमारती उभ्या राहिल्या होत्या. त्यामुळे त्या बाजूने उतरणाऱ्या विमानाला सगळी लांबी वापरता येईना. प्रकरण गुजरात उच्च न्यायालयापर्यंत गेले. धावपट्टी आखताना भोवतालच्या जमिनीचे काय करायचे हेही त्याच वेळी आखले असते, तर ना विमान अडले असते, ना कष्टाच्या पैशाने सदनिका घेणाऱ्यांच्या पोटात गोळा आला असता.

दुसरी गोष्ट पाखरांची. घार किंवा गिधाड इंजिनात शिरले तर विमान पडू शकते. म्हणून १९३७ सालच्या विमान नियमावलीतच सांगून ठेवले आहे, की विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत उघड्यावर जनावरे कापू नयेत, सोलू नयेत, घाण आणि कचरा टाकू नये. दहा किलोमीटर म्हणजे किती गावे झाली, मोजा. मेलेले ढोर गावाबाहेर टाकण्याची जागा प्रत्येक गावाला असते. ती बंद करून दुसरी सोय पाहावी लागेल. नवापूरकडच्या कुक्कुटपालकांनी तर हे नीट ध्यानात ठेवावे. २००६ साली बर्ड फ्लूच्या वेळी नवापुरात मेलेल्या कोंबड्यांची विल्हेवाट ही केवढी मोठी गोष्ट असते, ते साऱ्या देशाने पाहिले. विमानतळाजवळ मेलेली कोंबडी उकिरड्यावर फेकून भागणार नाही. खड्डा, चुना, माती हा खर्च धरूनच शेड बांधावी लागेल.

तिसरी गोष्ट पाण्याची, आणि माझ्या मते शेतकऱ्याला तीच सगळ्यांत जड जाते. धावपट्टी म्हणजे दीड-दोन किलोमीटर लांबीचा, नाले आडवे कापत गेलेला एक सपाट बंधाराच. नवी मुंबईच्या विमानतळासाठी डोंगर फोडला, उलवे नदीचा प्रवाह वळवला आणि खाचरांत भराव टाकला. शेजारचे पारगाव-डुंगी गाव त्या भरावामुळे पावसाळ्यात पाण्याखाली जाऊ लागले, आणि जे गाव आधी उठवायचे नव्हते त्यालाही पुनर्वसन मागण्याची पाळी आली. आपली काळी जमीन तर पावसात फुगणारी, उन्हात भेगाळणारी. ती खणून काढून मुरूम भरल्याशिवाय धावपट्टी टिकत नाही. म्हणजे भराव आलाच. तेव्हा इंजिनिअर साहेब गावात आले की पहिला प्रश्न नोकरीचा विचारू नका; नाल्याचे पाणी कुठून कुठे नेणार, मोऱ्या किती आणि केवढ्या, हे विचारा.

पनवेलकडची शिकवण

भोवतालच्या जमिनीची आखणी म्हणजे काय, हे महाराष्ट्रात सगळ्यांत मोठ्या प्रमाणावर पनवेल-उरणच्या शेतकऱ्यांनी अनुभवले. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचे ठरले. भात आणि मिठागरांवर जगणारी ती माणसे. मोबदला तुटपुंजा. दि. बा. पाटील यांच्या पुढारपणाखाली लोक उठले आणि १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मारले गेले. त्या रक्तातून पुढे एक तत्त्व मान्य झाले, की ज्याची जमीन गेली त्याला रोख पैशाबरोबर विकसित जमिनीचा काही वाटाही द्यायचा. ती साडेबारा टक्क्यांची योजना. मग नव्या विमानतळासाठी १,१६० हेक्टर जागा लागली, दहा गावे उठवायची वेळ आली, तेव्हा २०१३-१४ मध्ये हा वाटा साडेबावीस टक्क्यांवर गेला. त्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले.

टक्क्यांनी भुलू नका, त्याचे गुंठे करा. एक एकर म्हणजे ४० गुंठे. साडेबारा टक्के म्हणजे ५ गुंठे. पण त्यातून शाळा, मैदान वगैरे सार्वजनिक सोयींसाठी ३० टक्के कापून घेतात. हातात राहिले साडेतीन गुंठे, म्हणजे पावणेनऊ टक्के. ज्याची अर्धा एकरच जमीन होती त्याच्या हाती पावणेदोन गुंठे. हे कागदावर लिहिलेले होते, पण ‘साडेबारा’ हा आकडा ज्याच्या कानात बसला त्याला ‘पावणेनऊ’ कळायला वर्षे लागली.

एवढे झाले आतल्यांचे. बाहेरच्यांसाठी १० जानेवारी २०१३ रोजी सरकारने ‘नैना’ क्षेत्र जाहीर केले. विमानतळाचा प्रभाव जिथे पडणार अशी सुमारे २७० गावे त्यात घेतली आणि सिडकोला त्यांचे नियोजन प्राधिकरण नेमले. पुढे काही गावे वगळलीही गेली. इथे जमीन संपादन करायची नाही, तर नगररचना योजनेत सगळ्यांच्या जमिनी एकत्र धरायच्या, रस्ते, उद्याने, शाळा, विक्रीचे भूखंड आखायचे आणि मूळ मालकाला ४० टक्के जमीन आखीव भूखंड म्हणून परत द्यायची, अशी ती रीत. एकराला १६ गुंठे, आणि त्यावर बांधकामाचे हक्क जास्त.

मला ही रीत तत्त्वाने पसंत आहे. जमिनीला जो नवा भाव येतो तो दलालाच्या खिशात न जाता थोडा तरी मालकाकडे राहतो. पण तिच्यातली मेख अशी, की योजना मंजूर होईपर्यंत शेतकरी अधांतरी लटकतो. नैनामध्ये कित्येक वर्षे गेली, घराच्या वाढीव खोलीलाही परवानगी मिळेना, सुधारणा आकाराचे आकडे ऐकून लोक धास्तावले, मोर्चे निघाले. आणि आणखी एक. भूखंड हा ज्याला बांधायचे किंवा विकायचे आहे त्याच्या कामाचा. ज्याला नांगरच धरायचा आहे, त्याला १६ गुंठ्यांचा चौकोन घेऊन काय करायचे? पनवेलजवळ मुंबई आहे. नंदुरबारजवळ मुंबई नाही. इथे दिवसाला एक-दोन विमाने येणाऱ्या धावपट्टीभोवती लगेच शहर वसेल असे कोणी सांगत असेल, तर जळगावला विमानसेवा किती वेळा थांबली, हे त्याला विचारावे.

पपई विमानाने जाईल, असेही सांगितले जाईल. शहाद्याची पपई आज ट्रकने उत्तर हिंदुस्थानात जाते. लहान गावांना येणारे विमान साधारण ७० माणसांचे. त्याच्या पोटात सामानाला जागा ती किती, आणि भाडे काय! फुले, औषधी माल असल्या हलक्या आणि महाग वस्तूंचे गणित कदाचित जमेल. पपईचे जमेल असे मला वाटत नाही.

इसाराची घाई

पुणे जिल्ह्याकडे पाहा. नव्या विमानतळासाठी आधी खेड-चाकण भागाची जागा अनेक वर्षे बोलली जात होती. ती मागे पडली आणि २०१६ मध्ये पुरंदरचे नाव पुढे आले. पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी ही अंजीर-सीताफळाच्या मुलखातली सात गावे. विरोध झाला, मध्ये जागा बदलण्याच्या गोष्टी झाल्या, आणि २०२५ मध्ये ड्रोन मोजणीच्या वेळी गावकरी व पोलीस समोरासमोर आले. नऊ वर्षे! विहीर खोल करावी का, बाग लावावी का, मुलीचे लग्न काढावे का, सगळे त्या एका प्रश्नाला टांगलेले.

अशा काळात दलालाचे फावते. त्याला नकाशा आधी कळलेला असतो किंवा तो तसे भासवतो. इसार म्हणून थोडी रक्कम हातावर ठेवायची, साठेखत करून घ्यायचे, सोबत मुखत्यारपत्रावर सही किंवा अंगठा घ्यायचा. पुढे भाव वाढला तर जमीन त्याची, नाही वाढला तर तो फिरकतच नाही आणि तुमचा सातबारा कोर्टात अडकतो. तेव्हा मुखत्यारपत्र तर नाहीच नाही. आणि इसाराच्या कागदावर सही करण्याआधी घरातल्या बायकांना तो वाचून दाखवा. त्यांचा पहिला प्रश्न बहुधा ‘मग खायचे काय?’ हाच असतो, आणि दलालाकडे नेमके त्याचेच उत्तर नसते.

एक वाईट सवय मात्र आपली स्वतःची आहे. मुद्रांक शुल्क वाचवण्यासाठी खरेदीखतात रक्कम कमी दाखवायची. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात बाजारभाव काढताना गेल्या तीन वर्षांतल्या जवळपासच्या नोंदलेल्या खरेद्या पाहतात आणि त्यांतल्या जास्त भावाच्या अर्ध्या खरेद्यांची सरासरी धरतात. त्या भावाला ग्रामीण भागात जास्तीत जास्त दोनाने गुणतात आणि तेवढीच रक्कम दिलासा म्हणून वर देतात. म्हणून ‘चौपट’ म्हणतात. पण चौपट कशाची? कागदावरच्या भावाची. दोघा-तिघांनी शुल्क वाचवले की सगळ्या गावाचा भाव पडतो. तीच गोष्ट विहीर, पाइपलाइन, फळझाडांची. त्यांची किंमत वेगळी होते, पण नोंद असेल तर. ई-पीक पाहणीत बाग लावलेली दिसत नसेल, विहीर सातबाऱ्यावर नसेल, तर मोजणीच्या दिवशी वाद घालण्यापेक्षा आजच नोंद करून घ्या.

आपल्या जिल्ह्याचे वेगळेपण

नवापूर, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे तालुके तसेच नंदुरबार व शहादा तालुक्यांतली पुष्कळ गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत. इथे जमिनीचा प्रश्न नवा नाही. शहाद्याच्या भागात १९७२ च्या सुमारास अंबरसिंग सुरतवंती आणि त्यांच्या साथीदारांनी सावकार-बागायतदारांकडे गेलेल्या आदिवासींच्या जमिनींसाठी लढा उभारला. १९७४ मध्ये जमीन महसूल संहितेत कलम ३६-अ आले. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विकायची, गहाण टाकायची, पट्ट्याने द्यायची, तर जिल्हाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते आणि विक्रीला वर सरकारची मान्यताही. म्हणून ओसरीवरचा पाहुणा तुमच्याच भाऊबंदातल्या कोणाच्या तरी नावावर कागद करू म्हणू लागला, तर त्यामागे पैसा कोणाचा ते पाहा.

या बंधनामुळे आदिवासी गावांत खरेद्या फारशा नोंदल्या जात नाहीत आणि मग सरासरी भाव काढायला आधारच राहत नाही. यावरही कायद्यात उपाय ठेवला आहे. व्यवहारांवर कायद्याने बंधन असलेल्या भागात शेजारच्या भागातले भाव धरून सरकारने किमान दर ठरवायचा असतो. हे कलम २६ मध्ये आहे. ते गावाने अर्जात लिहून मागावे.

१९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी किंवा योग्य त्या पातळीवरच्या पंचायतीशी विचारविनिमय सक्तीचा केला आहे. २०१३ च्या कायद्याचे कलम ४१ त्याहून पुढे जाते. अशा क्षेत्रात शक्यतो जमीन घेऊच नये, घ्यावीच लागली तर तो शेवटचा उपाय असावा आणि आधी ग्रामसभेची संमती घ्यावी, असे ते सांगते. पण सावध! जमीन घेण्याचे रस्ते अनेक आहेत. पुरंदरला औद्योगिक विकास कायद्याचा रस्ता धरला. राज्याने २०१८ साली दुरुस्ती करून काही सरकारी प्रकल्पांना २०१३ च्या कायद्यातल्या काही अटींमधून सूट दिली आहे. म्हणून नोटीस आली की रकमेच्या आधी कायद्याचे नाव आणि कलम वाचा. हक्क कोणते लागू आणि कोणते नाहीत, ते तिथेच ठरते.

सरदार सरोवरात आपल्या जिल्ह्यातली ३३ गावे बाधित झाली. तिथल्या माणसांना तळोदा-अक्कलकुव्याच्या वसाहतींत येऊन राहावे लागले. आपल्या गावावर वेळ आली तर आधी त्या वसाहतींत जाऊन एक दिवस बसावे. मोबदल्याचा कोणता कागद उपयोगी पडला, कोणता नाही, जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या जमिनीला पाणी होते का, हे ती माणसे जेवढे सांगतील तेवढे कोणतेही कार्यालय सांगणार नाही.

मोजणीच्या आधीची ग्रामसभा

विमानतळाची नुसती बोलवा असली तरी ग्रामसभेत विषय घेता येतो. जिल्ह्याच्या नगररचना कार्यालयात जाऊन, प्रारूप आराखडा जाहीर झाला असेल तर त्यात आपले गट नंबर कोणत्या पट्ट्यात पडतात ते पाहा. हिरवा पट्टा म्हणजे शेती. रस्ता, गोदाम, उद्यान असे आरक्षण पडले असेल तर त्या गटावर बांधता येत नाही आणि गिऱ्हाईकही मिळत नाही. आराखड्यात आल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली नोटीस देऊन आरक्षण सोडवून घेता येते. पण आपणहून नोटीस दिल्याशिवाय ते सुटत नाही. हरकत घेण्याची मुदत जाहिरातीत दिलेली असते, आणि ती बहुधा पेरणीच्या नाहीतर काढणीच्या गडबडीतच कशी येते, देव जाणे. एका सुशिक्षित पोराला वर्तमानपत्रातल्या सरकारी जाहिराती आणि पंचायतीचा सूचना फलक पाहण्याचे काम नेमून द्या.

हरकत लिहिताना ‘आमचा विरोध आहे’ एवढ्यावर थांबू नका. गट नंबर, क्षेत्र, विहीर, बारमाही पाणी, वर्षाला निघणारी पिके, शेतात जायचा गाडीरस्ता, गुरांची पाणवठ्याची वाट, मसणवटा, देवाची जागा, मिरचीच्या पथाऱ्या, हे सगळे लिहा. गावच्या पंचवीस-तीस वर्षांतल्या पुराचे पाणी कुठपर्यंत चढले, तेही लिहा. ही माहिती साहेबांच्या नकाशावर नसते, ती गावातल्या एखाद्या आजीच्या तोंडी असते. पर्यायी पडीक जागा गावाला ठाऊक असेल तर तिचा गट नंबर घाला. बायकांची स्वतंत्र सभा घ्या आणि तिचा ठराव जोडा. तीन प्रती करा. एक कार्यालयात, एक ग्रामपंचायतीच्या दप्तरात, आणि एक घरी, जिच्यावर कार्यालयाचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक असेल. आवक क्रमांक दिल्याशिवाय खिडकीवरून हलू नका, मग भले जेवणाची सुट्टी होवो.